कोणाचा पाहुणा

क्लारा-एजेचा फोन आला तेव्हा तलांत आंघोळीच्या रांगेत तिसरा होता. खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. घरमालकिणीशी बोलताना तोंड रिकामं असलेलं बरं, पण क्लारा-एजेशी, म्हणजे क्लाराताईशी, बोलताना तोंडाचा तसा उपयोगच नसे.

"तलांत, बाळा, मी घर विकतेय," ती काराकोलहून म्हणाली. "शनिवारी अकराला एक माणूस बघायला येईल. चांगला खाऊनपिऊन सुखी आहे. नाव मी कागदावर लिहिलं होतं, तो कागद बहिणीनं चुलीत घातला. नीट दाखव हं घर. आणि त्याला रिकामं हवंय, तेव्हा बांधाबांध करायला लागा."

तलांत म्हणाला, "अँ?" ब्रश तोंडात असल्यामुळे ते होकारासारखं ऐकू गेलं. क्लारा-एजेने "शहाणा माझा" म्हणून फोन ठेवला.

बिश्केकच्या त्या टोकाच्या वस्तीत, जर्दाळूचं एक झाड आणि गळकं छप्पर असलेल्या त्या घरात चौघं एकत्र राहत. चौघांत नातं काही नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी एका रविवारी सांगितलं होतं, की आठवड्यातून दोन तास एकमेकांना भाऊ-बहीण म्हणायचं आणि उरलेले दिवस तोंड बघायचं नाही, याला कुटुंब म्हणत नाहीत. खरे विश्वासणारे एका छपराखाली राहतील, एका ताटात जेवतील. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि आपापल्या घरी गेले. या चौघांना घर नव्हतं.

त्यातली वेरा कोगाय कोरियन, पन्नाशीची, ओश बाजारात गाजराची तिखट कोशिंबीर विकायची. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. याकोव फ्रीझेन जर्मन खेड्यातला, दातांच्या कवळ्या करायचा आणि कवळीइतक्याच बारकाईने घरातल्या कामांच्या पाळ्या लावायचा. चोलपोन हॉस्पिटलात नर्स. आणि तलांत, एकोणतीस वर्षांचा, झेरॉक्सच्या दुकानात कामाला.

घराचे नियम याकोवने लिहून फ्रिजवर लावले होते. एक, जेवणाच्या टेबलावर बसलेल्या सगळ्यांचा होकार असल्याशिवाय कुठलाही निर्णय होणार नाही. (पडद्यांचा रंग त्यामुळे चौदा महिने ठरत होता. खिडक्यांना अजून वर्तमानपत्रं होती.) दोन, पाहुण्याला कोण, कुठून आणि किती दिवस, हे विचारायचं नाही. पाहुणा म्हणजे साक्षात प्रभू आला असं समजायचं, आणि प्रभूला कोणी परतीचं तिकीट विचारत नाही. तीन, दोन रात्री राहिलेल्या माणसाचं नाव पाळीत घालायचं, मग तो कोणी का असेना.

तलांत याआधी नऊ वर्षांत अकरा खोल्यांमध्ये राहिला होता. एका खोलीत तो तीन दिवस तापाने पडून होता, आणि ते फक्त समोरच्या खिडकीतल्या मांजराला माहीत होतं. इथे त्याला वीस मिनिटं उशीर झाला तरी तीन फोन येत. एक काळजीचा, एक शिव्यांचा आणि एक "येताना पाव आण" असा. हे घर गेलं तर वेरा बहिणीकडे जाईल, याकोव गावी, चोलपोन नर्सांच्या वसतिगृहात आणि तो बाराव्या खोलीत. रात्री जेवताना सगळ्यांना सांगून टाकायचं त्याने ठरवलं. पण वेराने भाताबरोबर त्याच्या आवडीचं तिखट केलं होतं. इतक्या चांगल्या जेवणात कशाला, म्हणून त्याने ते उद्यावर टाकलं.

गुरुवारी दुपारी दारात एक उंच, साठी उलटलेला माणूस उभा राहिला. डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी, हातात सुक्या जर्दाळूंची प्लास्टिकची पिशवी.

"नमस्कार. मी जरा या घरा…"

"आधी आत या," वेराने त्यांच्या पायात सपाता सरकवल्या. "चहा घ्या. पाव घ्या. उपाशी माणसाचं बोलणं मी ऐकत नाही."

"नाही, म्हणजे मी दोन दिवस लवकरच…"

"लवकर आलात तर छानच. ताटात वाढू का, की वाडग्यात?"

त्यांनी वाडग्यात घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं. मग त्यांना बसल्या जागी डुलकी लागली, तेव्हा वेराने अंगावर गोधडी घातली. नाव तेवढं त्यांनी आपणहून सांगितलं होतं: एशेनकुल. नारीनचे. मुलगे मॉस्कोला. सध्या शहरात लेकीकडे.

संध्याकाळी याकोव आला. नारीनकडचा, चोलपोनसारखाच उच्चार ऐकला आणि हे चोलपोनचे नातेवाईक असं त्याने मनात टिपून ठेवलं. चोलपोनने त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, मीठ कमी करायला सांगितलं, आणि तलांतचे मामा एवढं मीठ का खातात याचं तिला नवल वाटलं. तलांतला ते वेरामावशीच्या बाजारातले ओळखीचे वाटले. आणि वेराची खात्रीच होती, की एवढा शांतपणे जेवणारा माणूस याकोवच्याच गावचा असणार. विचारायचं कोणी कोणाला नव्हतं.

रात्रीच्या प्रार्थनेला एशेनकुल बैके, म्हणजे एशेनकुलदादा, भिंतीशी बसले. "तुमचं तुम्ही म्हणा, माझं मी म्हणतो," ते म्हणाले. संपल्यावर सगळ्यांनी आमेन म्हटलं, त्यांनी मुसलमानी रीतीने तोंडावरून दोन्ही हात फिरवून ओमीन म्हटलं, आणि याकोवने वेळ लिहून ठेवली.

शुक्रवारी बैके घरभर फिरले. भिंतींवर बोटं वाजवून बघितली, तळघरात उतरले, दारांच्या बिजागऱ्या हलवल्या, अंगण पावलांनी मोजलं.

"किती आपुलकीनं बघतात," चोलपोन म्हणाली.

"आमच्या गावची माणसं अशीच," याकोव म्हणणार होता. पण पाहुणे त्याच्या गावचे नसल्यामुळे म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी त्यांच्या दोन रात्री भरल्या. याकोवने नियमाप्रमाणे पाळीच्या कागदावर नवी ओळ आखली: एशेनकुल बैके. शनिवार भांडी, बुधवार अंगण, शुक्रवार लगमान, म्हणजे हाताने ओढलेल्या शेवया.

बैके त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. "माझं नाव कोणी लिहिलं?"

"मी," याकोव म्हणाला. "काही अडचण?"

"नाही. लेकीकडे मला सहा महिने झाले. कोणी चमचासुद्धा धुवू देत नाही." त्यांनी बाह्या वर सारल्या. "साबण कुठाय?"

अकरा वाजता दारात एक काळी, भलीमोठी गाडी थांबली. कातडी बॅग घेतलेला एक जाडजूड गृहस्थ उतरला. तलांत फाटकाशीच उभा होता. घरचे बाकीचे तिघं कामावर गेलेले. रात्रभर विचार करून त्याने योजना पक्की केली होती. ख्रिस्ती माणसाला खोटं बोलता येत नाही, हे कबूल. पण खरं बोलायला कोणाची बंदी आहे? आणि या घराबद्दल खरं बोलायला लागलं तर दिवस पुरणार नव्हता.

"घर बघायला आलात ना?"

"हो, बघू या ना," तो गृहस्थ म्हणाला. "सगळं दाखवा. काही लपवू नका."

"लपवत नाही. हे छप्पर. तीन ठिकाणी गळतं. पाऊस आला की आम्ही बादल्यांच्या जागा बदलतो."

"प्रभूची स्तुती असो!" गृहस्थ म्हणाला आणि वहीत लिहिलं.

तलांत जरा थबकला. "हा बॉयलर. जानेवारीत दोनदा बंद पडला. सकाळी ग्लासातलं पाणी गोठलेलं होतं."

"वा! वा!" गृहस्थाने वाकून आत बघितलं. "अगदी कामातून गेलाय. देवाची काय योजना असते बघा."

एवढ्यात हातातल्या भांड्यासकट एशेनकुल बैके बाहेर आले. त्यांनी गाडी बघितली. वही बघितली. वहीत लिहिणारा माणूस बघितला. आणि त्यांचा चेहरा आपल्या मेंढ्यांमध्ये लांडगा शिरलेला बघितल्यासारखा झाला.

"तळघर दाखवलंस का यांना?" त्यांनी तलांतला विचारलं.

"नाही अजून."

"दाखवू नकोस. मी उतरलो होतो. मला बोलवत नाही त्याबद्दल." ते गृहस्थाकडे वळले. "आणि ही पूर्वेकडची भिंत. वाजवून बघा. ऐकलंत? पोकळ. माझ्या मेंढ्यांच्या गोठ्याची भिंत याहून बरी होती."

तलांतला भरून आलं. काही न सांगता, काही न विचारता या परक्या माणसाला त्याच्या मनातलं दुःख कळलं होतं.

"शेजारचा कुत्रा तिघांना चावलाय," बैके पुढे म्हणाले.

"दोघांना," तलांत प्रामाणिकपणे म्हणाला.

"तिसरा आज चावेल."

"आणि नळ," तलांत म्हणाला, "उजवा उघडला तर डावीकडून येतो."

"आणि दोन्ही उघडले तर कुठूनच येत नाही," बैके म्हणाले. "सकाळपासून भांडी घासतोय मी. मला विचारा."

गृहस्थाने वहीची चार पानं भरली, दोघांचे हात दोन्ही हातांनी धरून हलवले, डोळे पुसले. "आजवर इतक्या मनमोकळेपणानं मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक लाजतात हो! मी सोमवारी येतो." आणि काळी गाडी गेली.

"सोमवारी येतो म्हणाला," तलांत पायरीवर बसला.

"बघतोच कसा येतो," बैके म्हणाले.

"बैके, तुम्हाला कसं कळलं तो घर घ्यायला आलाय ते?"

"घर घ्यायला आलेला माणूस मला पाठमोरासुद्धा कळतो."

"पण मला मदत का केलीत?"

बैकेंनी भांडं पालथं घातलं. "मला नाही आवडला तो," ते म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

त्या दिवसापासून दोघं जिवाभावाचे झाले. पायरीवर बसून एकाच पेल्यातून चहा पिऊ लागले. रविवारी चौघं उपासनेला गेले तेव्हा बैके घर राखायला थांबले, आणि फाटकाशी आलेल्या दोन माणसांना त्यांनी "घर विकायचं नाही, चालते व्हा" म्हणून हाकलून दिलं. ती माणसं बटाटे विकत होती.

सोमवारी संध्याकाळी तलांत कामावरून परतला आणि फाटकातच थांबला. छपरावर नवे पत्रे. अंगणात जुना बॉयलर काढून ठेवलेला. पूर्वेच्या भिंतीला ओला गिलावा. शेजारच्या कुत्र्याला नवी साखळी. काळी गाडी नुकतीच वळून जाताना दिसली.

पायरीवर बैके बसले होते, टोपी गुडघ्यावर.

"आला होता," ते म्हणाले. "तीन माणसं घेऊन. मी तळघराच्या दारात आडवा झोपलो. त्यांनी मला उचलून बाजूला ठेवलं. प्रेमानं ठेवलं, पण ठेवलं."

"म्हणजे व्यवहार झाला."

"त्याशिवाय कोण दुसऱ्याच्या घराला पत्रे घालतं?"

सोमवार हा घराच्या बैठकीचा दिवस. प्रार्थना झाली, चहा झाला. वेरा आणि याकोव भलतेच खुशीत होते. चोलपोन गरम पाण्याने न्हाऊन आली होती आणि गाणं गुणगुणत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तलांत आणि बैके मयताला बसल्यासारखे बसले होते.

"विषय पहिला, पडदे," याकोवने वही उघडली.

"पडदे नकोत," तलांत म्हणाला. "आता पडदे घेऊन काय करायचं?"

"म्हणजे पडद्यांना तुझा नकार असं लिहू?"

"याकोव, घर विकलं गेलंय!"

मग त्याने सगळं सांगितलं. बुधवारचा फोन, तोंडातला ब्रश, भाताबरोबरचं तिखट. शनिवारी आलेला गृहस्थ. "मी खोटं नाही बोललो. पण मन काळं ठेवून खरं बोललो. त्याला घर नकोसं व्हावं म्हणून बोललो. आणि त्याला तर जास्तच आवडलं! मला माफ करा. मला… मला तुमच्यापासून लांब नव्हतं जायचं."

वेराने नाक पुसलं. मग त्याच हाताने तलांतच्या डोक्यात एक टपली मारली. "पाच दिवस पोटात ठेवलंस, मेल्या? म्हणूनच जेवत नव्हतास!"

"एक मिनिट," याकोव म्हणाला. "काळी गाडी? कातडी बॅग? दर वाक्याला प्रभूची स्तुती?"

"हो, तोच."

"अरे, ते अब्राम भाऊ! कांत गावच्या मंडळीतले. बॉयलरचं बघा म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना. वर्षातून एक घर ते देवाची सेवा म्हणून दुरुस्त करून देतात. यंदा आपलं धरलं. सांगत होते, दोन भाऊ असे भेटले की त्यांनी भिंतीतल्या चिरासुद्धा मोजून दाखवल्या."

एशेनकुल बैकेंनी मान वर केली. बैठकीत बोलायचं तर हात वर करायचा असतो, म्हणून त्यांनी हात वर केला.

"म्हणजे त्यानं घर घेतलेलं नाही?"

"नाही हो. ते प्लंबर आहेत."

"असं होय," बैके म्हणाले, आणि ताटातला शेवटचा बटाटा मागावा तसं म्हणाले, "मग मी घेतो."

नव्या बॉयलरची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

"काय घेता?" वेराने विचारलं.

"घर. त्यासाठीच आलो होतो की. शनिवारचं ठरलं होतं, पण लेकीकडे करमेना म्हणून गुरुवारीच आलो. दारातच सांगत होतो, तुम्ही तोंडात पाव घातलात."

"पण तुम्ही तर याकोवचे पाहुणे!" वेरा म्हणाली.

"माझे? चोलपोनचे ना?"

"छे! तलांतचे मामा!"

"माझे कुठले? मावशी, बाजारातले तुझे…" तलांतने वाक्य अर्धवट सोडलं.

चौघांनी बैकेंकडे बघितलं. बैकेंनी चौघांकडे बघितलं.

"मला वाटलं, तुम्ही घर दाखवताय," ते म्हणाले. "शहरात मी सात घरं बघितली. कोणी पाच मिनिटं दाखवली, कोणी दहा. तुम्ही चार दिवस दाखवत होतात. मी म्हटलं, चोख माणसं दिसतात."

तलांतला एकदम आठवलं ते त्याने विचारून टाकलं, कारण आणखी एक रात्र ते पोटात ठेवणं त्याला जमलं नसतं. "बैके, क्लारा-एजे म्हणाली तुम्हाला रिकामं हवंय. आम्ही कधी निघायचं?"

"रिकामं म्हटलं होतं खरं. दोन दुकानं काढायची होती." बैकेंनी टोपी फिरवून फिरवून बघितली. "पण शुक्रवारी लगमान माझ्याकडे आहे. एवढी कणीक ताणत बसायची आणि खायला मी एकटा? दुकानातलं गिऱ्हाईक कधी माझं प्रेशर मोजणार आहे का?"

वेरा रडली. मग तिने तिघांना पुन्हा चहा ओतला आणि बैकेंना दोनदा. एवढं झाल्यावर वहीचं पान उलटणारा याकोवच.

"मालक असोत की कोणी," तो म्हणाला, "घरात कायमचं राहायचं तर टेबलावरच्या सगळ्यांचा होकार लागतो. ठराव: एशेनकुल बैकेंना घरात घ्यावं. वेरामावशी?"

"हो!"

"चोलपोन?"

"हो. मीठ सोडलं तर."

"तलांत?"

तलांतने दोन्ही हात वर केले.

"माझा होकार. बैके?"

बैके विचारात पडले. एखादी मेंढी विकत घेताना दात बघावेत तसे त्यांनी ठरावाचे दात बघितले.

"माझा नकार," ते म्हणाले.

"का?" चौघंही एकदम ओरडले.

"का म्हणजे? कोण माणूस, कुठला माणूस, काही चौकशी केलीत? दारात उभा राहिला की घातल्या सपाता! आता घर माझं होणार. माझ्या घरात असा कुठला कोण माणूस राहतोय, ते मला पटणार नाही."

याकोवने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ठराव पुढच्या सोमवारवर गेला.

मंगळवारी सकाळी क्लारा-एजेचा फोन आला. या वेळी तलांत रांगेत पाचवा होता.

"काय रे, आला का तो माणूस? आवडलं का घर?"

"घर आवडलं, एजे. पण म्हणतात, भाडेकरू फार भोळे आहेत. कोणालाही घरात घेतात."

"अरे देवा. मग? घेत नाही म्हणतो का?"

"घेतायत की," तलांतने टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकला. आत बैके आंघोळ करता करता मोठ्याने गात होते, आणि गरम पाणी सगळं संपवत होते. "म्हणतात, असल्या माणसांवर लक्ष ठेवायला कोणीतरी जबाबदार माणूस हवाच."